रखमाचा हात

बोटी किनाऱ्याला ओढून महिना होत आला होता. मासेमारी बंद. मुरब्याच्या खाडीकाठी बोटींवर ताडपत्र्या चढल्या होत्या, इंजिनं उतरून घरात आली होती आणि पुरुष माणसं दुपारची पत्ते कुटत बसत होती. बायकांना असं बसवत नाही. सुकी मासळी बहुतेक विकून झाली होती. उरलेल्या बोंबलांना पावसाळी हवेत ओल धरू नये म्हणून डबे रोज उघडून पाहायचे, एवढंच काम राहिलं होतं.

जमनाच्या ओटीवर तिचा नवरा वामन फाटकं जाळं मांडीवर घेऊन सांधत बसे. एके काळी या ओटीवर पावसाळाभर आख्खं घर जाळी विणायला बसायचं. आता जाळी तयार विकत मिळतात, फाटली तर तेवढी सांधायची.

अशात एक दिवस जमनाची सून दीपा बोईसरहून आली ती पायातल्या चपला न काढताच बोलायला लागली. दीपा मूळची सरावलीची. लग्नानंतरही ती कंपनीत पॅकिंगला जात होती, पण कंपनीने एक पाळी बंद केली आणि ती घरी बसली होती. आज ती सहज स्टेशनजवळच्या हितेशशेठच्या लोकरीच्या दुकानात गेली होती. त्याच्याकडे विणणाऱ्या बायका चाळीतल्या, उत्तरेकडच्या. त्या गावी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तान्ह्या मुलांच्या टोप्या आणि मोज्यांची मोठी ऑर्डर त्याच्या गळ्यात पडली होती.

"मी बोलले, माजी सासू विणते," दीपा म्हणाली.

जमना सुपातले बोंबील निवडत होती. ती थांबली. "अगो, मला सुई हातात धरून तीस वरसं झाली."

"हात इसरतो काय?"

"इसरत नसल," वामन जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला. "पण शेठ तिकडं थांबणार हाय का तिला आठवं तवर?"

दीपाने नमुन्याला आणलेला पिवळ्या लोकरीचा गुंडा आणि दोन सुया पुढे ठेवल्या. जमनाने हात धुतले, पदराला पुसले, सुई डोक्यावरच्या तेलकट केसांतून एकदा ओढली आणि टाके घालायला लागली. वीस टाके घालून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की सुई केसांतून ओढायची ही सवयही आपल्याला नेगीबाईची आहे.

नेगीबाई कॉलनीतली. जमना पंचविशीत असताना वीज केंद्राच्या कॉलनीत डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायला जायची. तळमजल्यावरच्या एका क्वार्टरमध्ये ही बाई राहायची, डोंगराकडची, गढवालची. तिला मासळी नीट करता येत नसे. जमना तिला पापलेट कापून द्यायची, बोंबील साफ करून द्यायची. टोपली रिकामी झाली की परतीची एसटी येईपर्यंत तिच्या पायरीवर टेकायची. बाई समोर बसून विणत असायची. इथे कोण स्वेटर घालतं, म्हणून जमनाला आधी हसू यायचं. मग एक दिवस तिने ते हातात मागितलं. दोन वर्षं दुपारच्या दुपार ती शिकली. म्हणून टाका हा शब्द जमनाच्या तोंडात कधी बसला नाही. ती बाईसारखंच हिंदीत फंदा म्हणायची. सुलट फंदा, उलट फंदा.

टोपी संध्याकाळपर्यंत झाली. मोजे दुसऱ्या दिवशी. हितेशशेठने नमुना पाहिला, ताणून पाहिला, आणि नारळी पौर्णिमेच्या आत माल हवा म्हणून लोकरीच्या पिशव्याच दीपाच्या हवाली केल्या.

एकटीचं काम नव्हतं. जमनाने आळीतल्या सात जणींना बोलावलं. सगळ्यात शेवटी ती दोन घरं सोडून राहणाऱ्या रखमाकडे गेली. रखमा पासष्टीची, विधवा. मुलगा नाही, मुलगी लग्न होऊन डहाणूकडे. आणि मुरब्यात काय, सातपाटीतही तिच्या हाताचं नाव होतं. तिने घातलेली गाठ सरकत नाही असं बोटी चालवणारे तांडेल लोक म्हणायचे. पूर्वी खाडीपलीकडून होडीत घालून जाळी तिच्याकडे यायची.

"लोकर?" रखमा म्हणाली. "मला नाय ता काम येत."

"जिला जाला विनता येतो तिला लोकर काय मोठी?"

रखमाने विचार केल्यासारखं केलं. पण उठलीच ती. गेल्या तीन-चार वर्षांत कुणी तिला कामासाठी असं दारात येऊन बोलावलं नव्हतं.

पहिला आठवडा नुसता हसण्यात आणि उसवण्यात गेला. जमना म्हणाली, "आता एक फंदा घाला," तर कुणीतरी म्हणालं, "वयनी, आमी काय फास घ्यायला बसलोय?" बायकांची बोटं नायलॉनने चिरलेली, खरबरीत. लोकर त्या भेगांत अडकायची, तिचे तंतू निघायचे. मग खोबरेल चोळून बसायचं. बाहेर आषाढाचा पाऊस धरलेला, ओटीवर ओल, गुंडे स्टीलच्या डब्यात ठेवून धागा तेवढा बाहेर काढलेला. एखादीचा टाका गळायचा आणि चार ओळी पुढे गेल्यावर कळायचं. मग तेवढं सगळं उसवायचं. उसवलेली लोकर मिशीसारखी वळलेली निघायची आणि पुन्हा नीट विणली जायची नाही.

रखमाचं दुखणं वेगळं होतं. तिचा टाका गळत नव्हता. तिचा हात आवळ होता. प्रत्येक टाका ती गाठ मारल्यासारखा ओढून घ्यायची. तिची पहिली टोपी झाली ती नारळाच्या करवंटीसारखी टणक. खाली ठेवली तर उभी राहिली.

"हात सैल सोड, रखमा," जमना म्हणाली.

"सैल सोडला तर मासा जाल."

"यात मासा नाय धरायचा. पोराचा डोका घालायचा हाय."

बायका हसल्या. रखमाही हसली, पण तिने टोपी मुकाट्याने उसवली. दुसरी उसवली. तिसरी. जमना तिच्यामागे बसून तिच्या हातांवर आपले हात ठेवून चालवायची. त्या म्हाताऱ्या बोटांत केवढी ताकद होती! सुई वाकवतील असं वाटायचं. जमनाच्या कानात नेगीबाईचा आवाज यायचा, "ढीला छोड़, जमना, ढीला." सातव्या वेळी रखमाची टोपी टोपीसारखी झाली. तिने ती मुठीवर घालून सगळ्यांना दाखवली आणि मग जवळजवळ अर्धा तास तिच्याकडेच बघत बसली.

त्यानंतर काम धावायला लागलं. सकाळचा भाकर-तुकडा आवरून बायका यायच्या त्या दिवेलागणीला उठायच्या. कुणाच्या मानेत लचक, कुणाच्या डोळ्यांतून पाणी. पण जाळी विणायच्या दिवसांसारखी ओटी पुन्हा भरली, बोलणं सुरू झालं, कुणाच्या लग्नात काय झालं, कोणती बोट कोणत्या वादळात कुठे लागली. वामनने न सांगता आपलं जाळं कोपऱ्यात सरकवलं आणि जागा करून दिली. रखमाचे टोपी-मोज्यांचे अकरा जोड झाले. इतरांपेक्षा कमी होते, पण तिने ते वेगळ्या फडक्यात बांधून ठेवले होते.

अर्धा माल झाला तसा जमना आणि दीपा दोन मोठ्या पिशव्या घेऊन एसटीने बोईसरला गेल्या. दुकानात गर्दी होती. हितेशशेठने गल्ल्यावरून उठून पिशवीचं तोंड उघडलं आणि चेहरा थोडा मागे घेतला. काउंटरवरच्या मुलीने ओढणी नाकाशी नेली. लोकर बघायला आलेली एक बाई दोन पावलं पलीकडे सरकली.

शेठने एक टोपी उचलून ताणली, उलटी करून पाहिली. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मावशी, काम एक नंबर आहे. खोटं नाही बोलत. पण वास येतोय."

जमनाला आधी समजलंच नाही. "कसला?"

"मासळीचा. लोकर वास पकडते ना. आणि हा लहान बाळांचा माल. पुढचा व्यापारी उघडून बघेल तर मला परत पाठवेल. धुऊन, सुकवून आणा. आठ दिवस आहेत. वास गेला तर सगळा घेतो मी."

"आणतो," दीपा म्हणाली.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना जमनाने पदर नाकाशी धरून पाहिला. तिला काहीच वास आला नाही. तेच तिला जास्त लागलं.

परतीच्या एसटीत पिशव्या मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती, आणि सरावलीचा थांबा गेल्यावर तिला एकाएकी नेगीबाईची पायरी आठवली. ती टेकायच्या आधी बाई आतून वर्तमानपत्र आणून पायरीवर अंथरायची. रोज. जमनाला वाटायचं, पायरी गार लागू नये, लुगडं मळू नये म्हणून. शिकायला दिलेली लोकरही बाईच्या टोपलीतली नसायची, वेगळी, जुनी, एका डब्यातली. तीस वर्षांत हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आता ते एसटीच्या धक्क्यांबरोबर एकेक करून वर येत होतं. पण त्याच बाईने खवल्यांनी चिकट झालेली जमनाची बोटं हातात धरून दुपार-दुपार फिरवली होती, तेही खरंच होतं. यातलं कुठलं धरायचं, तिला कळेना.

"गेल्या गेल्या सगळ्यांना सांगू," दीपा म्हणाली. "रिठ्याच्या पाण्यात धुवू."

"वासाचा नको सांगू."

"मंग काय सांगायचा?"

"माप चुकला असा सांगू. बायकांना किती वरसांनी हुरूप आलाय, दीपा. वासाचा ऐकला तर मनाला लागल त्यांच्या."

दीपाने सासूकडे पाहिलं.

ओटीवर सगळ्या वाट बघत बसल्या होत्या. जमनाने पिशव्या खाली ठेवल्या आणि ठरवलेलं वाक्य म्हटलं. माल पसंत हाय, पण थोडे नग मापाला लहान हायत. आवळ झालेत. थोडा सारखा करून परत न्यायचा हाय.

"कुणाचे?" एकीने विचारलं.

एवढा विचार जमनाने केला नव्हता. तेवढ्यात सगळ्या बायकांच्या नजरा रखमाकडे वळल्या. जमनाला ते दिसलं. नाही, तिचे नव्हेत, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. पण मग कुणाचे, असं विचारलं असतं. ती खाली वाकून पिशवीची गाठ सोडत राहिली.

रखमा उठली. पिशवीतून तिने आपलं फडकं शोधून काढलं. अकरा जोड मोजून घेतले आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनाने दार उघडलं तर ओटीच्या कडेला एक डबा होता. आत लोकरीचे गुंडे, गोल, एकसारखे गुंडाळलेले. अकराच्या अकरा जोड रात्रीतून उसवले होते. वर सुया आडव्या ठेवलेल्या. रखमा पाण्याची कळशी घेऊन समोरून जात होती.

"रखमा," जमना म्हणाली.

"माज्या हातान तुमचा काम नको बिघडाया," रखमा चालता चालताच बोलली.

त्या दिवसापासून ती ओटीवर आली नाही. बायकांनी दोनदा तिचा विषय काढला. एक म्हणाली, म्हातारीला राग फार. जमनाने मान खाली घालून ओळी मोजल्या. तिचे स्वतःचे टाके गळायला लागले.

माप सारखं करायला नेतो असं सांगून तिने आणि दीपाने सगळा माल सरावलीला, दीपाच्या आईच्या खोलीवर नेला. रिठे भिजवले, दोन पाण्यांत धुतलं, वरून शाम्पूचं पाणी. खोली एवढीशी. दोरीवर, खुर्चीवर, गॅसच्या शेगडीच्या कट्ट्यावर, जिथे तिथे पिवळ्या-गुलाबी टोप्या पसरल्या. पंखा दोन दिवस फिरत राहिला. खिडकी उघडली तर बाहेरून कारखान्यांचा उग्र वास यायचा, म्हणून खिडकी बंद. दीपाच्या आईने उदबत्ती लावायला घेतली तर दीपाने ती विझवली. "आई, आता त्यांना देवळाचा वास येल."

दीपाची आई हसली. जमनाला हसू आलं नाही. ती दोरीवरून एकेक टोपी उतरवून हुंगत होती आणि तिला नेमकं कळत नव्हतं की गेला की नाही.

"आई," दीपा सासूला हळूच म्हणाली, "रखमाकाकीला तरी सांगा."

जमना त्या संध्याकाळी मुरब्याला उतरली ती घरी न जाता सरळ रखमाच्या मागच्या दाराला गेली. पाऊस थांबला होता. पडवीत उजेडाला तोंड करून रखमा जाळं सांधत होती. कुणाचं तरी जुनं जाळं, चार ठिकाणी फाटलेलं. जमना आली तरी तिने वर पाहिलं नाही.

जमना समोर बसली. कसं सुरू करावं हे तिला कळेना, म्हणून तिने जे झालं तेच पहिल्यापासून सांगितलं. दुकान, शेठ, ओढणी नाकाला लावणारी मुलगी. सरकून गेलेली बाई. "माप कुणाचाच चुकला नव्हता. तुजा पण नाय. मासलीचा वास येत होता. सगल्यांच्या कामाला. माज्या पण."

रखमाची सुई चालत राहिली. एक गाठ. दुसरी गाठ.

"मंग माप कशाला बोल्लीस?"

"लाज वाटली."

"वासाची?"

"हां."

"तुला वासाची लाज वाटली," रखमा म्हणाली, "आनि नाव माज्या हाताला ठेवलास." तिचा आवाज चढला नव्हता. तिने सुई खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, तळवे वर. बोटांवर आडव्या रेषा होत्या, नायलॉनने पाडलेल्या, पन्नास वर्षांच्या. "नवरा गेला तवा ह्याच हातान पोर वाढवली. ह्या हाताला आजवर कुनी बोल्ला नवता. तू बोल्लीस."

"मी बोल्ले नाय. पन..."

"गप बसलीस. तो बोलनाच झाला ना."

जमनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. थोड्या वेळाने तिने जाळ्याचं दुसरं टोक ओढून घेतलं, पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि ताणून धरलं. एकटीला जाळं ताणून धरता येत नाही, रखमा मघापासून गुडघ्याने धरत होती. रखमाने नको म्हटलं नाही.

अंधारायला लागलं तेव्हा जमनाने वर्तमानपत्राची गोष्टही सांगितली. ती तिने दीपालासुद्धा सांगितली नव्हती.

"रोज कागुद टाकायची?" रखमाने विचारलं.

"रोज."

"आनि तू बसायचीस?"

"बसायची. मला कुठं ठावं होता."

रखमाने गाठ ओढली, दाताने धागा तोडला. "ठावं असता तर नसती बसलीस. मंग आमाला तरी कुनी शिकवला असता?" मग ती उठली आणि म्हणाली, "मला सांगून भागत नाय. सगल्यांना सांग. माज्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनाने ओटीवर सगळ्यांना सांगितलं. रखमा दाराशी उभी होती, आत आली नव्हती. जमनाने काही मागे ठेवलं नाही. रखमाचे जोड आवळ नव्हते, मी खोटं बोलले, हेही. बोलताना तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी रखमाकडे पाहिलं.

मग एकीने आपल्या हातातला मोजा हुंगला. "मला तर काय येत नाय," ती म्हणाली. दुसरी रागावली होती. "वास येतो तर खातात कशाला? पापलेट नेताना तर लाइन लावतात." वामन कोपऱ्यातून म्हणाला, "बाळाला नाय चालायचा, ता खरा हाय." कुणीतरी रखमाला म्हणालं, "काकी, आमी पन तुमच्याकडंच बघितला, चुकला आमचा." रखमाने नुसती मान हलवली, आत येऊन आपल्या जागेवर बसली आणि म्हणाली, "माजी लोकर कुठं हाय?"

तिची लोकर उसवून वळली होती. दीपाने ती गरम पाण्यात भिजवून, लडी करून, खाली तांब्या बांधून टांगली तेव्हा कुठे सरळ झाली. दिवस चारच उरले होते. रखमाच्या वाट्याचे जोड सगळ्यांनी वाटून घेतले, पण चार तिने एकटीने केले. हात मध्येच आवळायचा, मग ती थांबायची, बोटं झटकायची आणि पुन्हा सुरू करायची. लोकरीचे डबे घराच्या आत नेले, सुक्या मासळीची पिंपं परसात ताडपत्रीखाली गेली, उरलेला सगळा माल विणून होताच सरावलीला रवाना व्हायचा.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हितेशशेठने पिशवीत तोंड घालून हुंगलं. दुसऱ्यांदा हुंगलं. मग माल आत ठेवायला सांगितला. पुढचं काम दिवाळीनंतर बघू, म्हणाला. ते काम आलं नाही. त्याच्या जुन्या बायका गावाहून परत आल्या होत्या. आणि आलं असतं तरी पौर्णिमेला नारळ सोडून बोटी गेल्यावर मुरब्यात कुणाला वेळ होता? पहाटे मासळी उतरवायची, निवडायची, विकायची, उरलेली सुकवायची. सुया डब्यात गेल्या. ओटीवर पुन्हा वामन एकटा जाळं घेऊन बसायला लागला. कधी कधी तो जाळं कोपऱ्यात सरकवायचा आणि जमनाला वाटायचं, आता कुणीतरी येईल.

पौषात थंडी पडली. पहाटेच्या वाऱ्याने किनाऱ्यावर दात वाजत होते. एक दिवस बोईसरच्या बाजारात टोपल्या रिकाम्या करून जमना आणि रखमा स्टँडकडे निघाल्या, तर रखमा मध्येच वळली.

"इकडं कुठं?"

"लोकर घ्यायची हाय."

हितेशशेठचं दुकान. दोघींच्या डोक्यावर रिकाम्या टोपल्या, पदर ओले. रखमाने टोपली पायरीवर उतरवून ठेवली आणि आत गेली. काउंटरवर तीच मुलगी होती. रखमाने लाल दाखवायला सांगितली, मग तपकिरी, मग गडद निळी. एकेक लडी हातात घेऊन ती दोन बोटांत चोळून बघत होती आणि बाजूला ठेवत होती. मुलगी नाकाशी काही नेत नव्हती, पण थोडी मागे सरकून उभी होती. शेठने मान वर करून जमनाला ओळखलं, "या मावशी," म्हणाला.

रखमाने निळी लडी नाकाशी नेली.

"डांबरगोळ्यांचा वास येतो," ती मुलीला म्हणाली. मुलगी काही बोलायला गेली, तर रखमानेच तिला थांबवलं. "आसू दे. धुवून घेन मी. सहा लड्या दे."

एसटी यायला वेळ होता. दोघी स्टँडच्या बाकावर बसल्या. "कुनासाठी?" जमनाने विचारलं. तिला वाटलं, डहाणूच्या मुलीसाठी, नातवंडासाठी असेल.

"माज्यासाठी," रखमा म्हणाली. "बिनबाह्यांचा नको. पुऱ्या हाताचा. पासष्ट वरसं दर्यावर थंडीत उभी ऱ्हायले." मग लडी सोडून तिने जमनाच्या दोन्ही हातांवर चढवली आणि गुंडा करायला घेतला. "माप घे माजा. नीट घे."

जमनाचे हात लडीत अडकले होते. तिने तिथूनच डोळ्यांनी रखमाचे खांदे मापले, मग पाठ, मग मनगटापर्यंतचा हात. एसटी लागली तरी गुंडा व्हायचा होता. कंडक्टरने घाई केली, तशा दोघी धागा तुटू न देता, एकमेकींच्या मागे, हळूहळू गाडीत चढल्या.